एकाच नळाचे दोन रोग

2021 च्या सप्टेंबरात, गणपती बसायच्या सुमाराला, करवीर तालुक्यातल्या पंचगंगाकाठच्या एका गावात दोन तक्रारी एकदम उठल्या. गावाच्या टोकाच्या वस्तीत कावीळ निघाली, आणि त्या वस्तीला लागूनच असलेल्या भाजीपाला रोपवाटिकेत टोमॅटो-फ्लॉवरची रोपं ट्रेच्या ट्रे आडवी झाली. वस्ती आणि रोपवाटिका एकाच नळाच्या लाइनवर. त्यामुळे डॉक्टर यायच्या आधीच गावानं निदान करून टाकलं होतं: पुराचं पाणी विहिरीत शिरलं, तेच माणसांना बाधलं आणि तेच रोपांना.

गावाचं नाव मुद्दाम देत नाही. नदीकाठच्या कुठल्याही गावात हे घडू शकतं. मला बोलावलं होतं ते रोपांसाठी, कारण माझं शिक्षण वनस्पतिरोगाचं. माणसांची चौकशी प्राथमिक आरोग्य केंद्राकडे होती. पण दोन्ही चौकश्या फिरून फिरून एकाच पाइपाशी येऊन भिडल्या, म्हणून प्रकरण एकत्रच सांगावं लागतं.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पंचगंगा पात्राबाहेर गेली होती. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. त्या पुरात पाणी 50 फुटांच्याही बरंच वर गेलं. गावाची पाणीपुरवठ्याची विहीर नदीकाठाला, ती कठड्यासकट बुडाली. वरच्या अंगाला कोल्हापूर शहर आहे, जयंती नाल्यासारखे सांडपाण्याचे नाले नदीला मिळतात. पूर आला की नाला, गटार, संडासाची टाकी आणि नदी यांच्यातली हद्दच पुसली जाते. शिवाय या जिल्ह्याला कावीळ हा शब्द साधा वाटत नाही. 2012 साली इचलकरंजीत दूषित पाण्यातून हिपॅटायटिस ई ची मोठी साथ आली होती, माणसं दगावली होती. ती आठवण नऊ वर्षांनीही ताजी होती. त्यामुळे विहिरीवर संशय जाणं अगदी साहजिक होतं.

कावीळ कुणाला झाली

पहिले पेशंट ताप आणि उलट्यांचे. साल कोविडचं, त्यामुळे आधी सगळ्यांचे स्वॅब गेले. ते निगेटिव्ह येईतोवर दोघांचे डोळे पिवळे झाले होते. पूरग्रस्त भागात ताप आणि कावीळ एकत्र दिसली की लेप्टोस्पायरोसिसची शंका घ्यावीच लागते. उंदरांच्या लघवीतून पाण्यात उतरणारा हा जिवाणू पायाच्या भेगांतून, जखमांतून शरीरात शिरतो आणि यकृत व मूत्रपिंड दोन्ही धरतो. पण त्यात पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात आणि रोगी बहुधा चिखला-पाण्यात काम केलेला असतो. इथं आजारी पडलेल्यांत कॉलेजला जाणारी पोरं होती, घरातून फारशा बाहेर न पडलेल्या बायका होत्या. रक्त तपासलं तेव्हा हिपॅटायटिस ई ची आयजीएम अँटिबॉडी, म्हणजे ताज्या संसर्गाची खूण, सापडली आणि तो प्रश्न मिटला.

हा विषाणू विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून तोंडात असाच प्रवास करतो. लहान मुलांत बऱ्याचदा त्याचा पत्ताही लागत नाही. पिवळी पडतात ती पंधरा ते चाळीस वयाची धडधाकट माणसं. बहुतेक जण काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. अपवाद गरोदर बाईचा. शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई झाला तर शंभरातल्या वीस-पंचवीस बायका दगावू शकतात. त्यामुळे आशाताईंनी पहिल्या दिवशी कुठलीही यादी करायच्या आधी एकच प्रश्न घेऊन वस्ती पालथी घातली: दिवस गेलेल्या कोण कोण आहेत? सातव्या महिन्यातली एक जण निघाली. तिच्यासाठी पाणी उकळून वेगळ्या घागरीत ठेवायची व्यवस्था त्याच संध्याकाळी लावली आणि पुढचे दहा आठवडे तिच्यावर नजर ठेवली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात वेळेवर झालेलं सर्वांत मोलाचं काम हेच.

दुसरीकडे वस्तीतले काही जण काविळीचं झाडपाल्याचं औषध घ्यायला रविवारी दुसऱ्या गावाला जाऊन आले, तेल-मीठ बंद केलं. हिपॅटायटिस ई आपोआप बरा होणारा असल्यामुळे अशा औषधाला फुकटचं यश मिळतं. सूज आलेल्या यकृतावर अनोळखी काढ्याचा भार टाकणं मात्र धोक्याचं, आणि गरोदर बाईच्या बाबतीत तर तो जिवाशी खेळ आहे.

आता तारखांचं गणित. विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात, सरासरी पाच-सहा. म्हणजे सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली कावीळ जुलैअखेर ते ऑगस्टच्या पूर्वार्धात प्यायलेल्या पाण्याची. साथ कळल्यावर धावपळ करून विहिरीचं पाणी तपासायला पाठवतात आणि अहवाल ‘पिण्यास योग्य’ असा आला की सगळे निर्धास्त होतात. पण आजचं पाणी दीड महिन्यापूर्वीच्या पाण्याची साक्ष कशी देणार? आणि जिवाणू सापडले नाहीत म्हणजे विषाणूही नव्हता, असंही नाही. 1955-56 साली दिल्लीत यमुनेच्या पाणीउपशापर्यंत सांडपाणी उलटं आलं आणि सुमारे 29 हजार लोकांना कावीळ झाली. क्लोरीन वाढवल्यामुळे टायफॉइड आणि जुलाब त्या वेळी आटोक्यात राहिले, विषाणू मात्र निसटला. ती साथ हिपॅटायटिस ई ची होती हे कळायला पुढं काही दशकं जावी लागली.

पाणी साक्ष देत नसेल तर नकाशा देतो. आशाताईंनी वहीच्या मधल्या दोन पानांवर गल्ल्या काढल्या आणि ज्या घरात कावीळ तिथं फुली मारली. विहीर बाधली असती तर फुल्या गावभर पसरायला हव्या होत्या, कारण विहीर एक, उंच टाकी एक, आणि टाकीतून सगळ्या गावाला पाणी. पण फुल्या जवळपास सगळ्या टोकाच्या वस्तीत. वस्तीतली जी घरं पुरापासून जारचं पाणी विकत घेत होती ती कोरी. वरच्या गल्लीत दोनच फुल्या, आणि त्या आड येत होत्या. चौकशी केली तर दोघीही रोपवाटिकेत रोजंदारीवर जाणाऱ्या निघाल्या, दिवसभर तिथल्याच माठातलं पाणी पिणाऱ्या. लंडनमध्ये 1854 साली जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटच्या पंपावर बोट ठेवलं तेही असंच. पंपापासून लांब राहणारी एक विधवा पटकीनं गेली, आणि चौकशीत कळलं की तिला त्याच पंपाचं पाणी आवडायचं म्हणून ती ते मुद्दाम मागवून घ्यायची. आड येणारी फुली नीट विचारली की बऱ्याचदा तीच वाट दाखवते.

विहीर सुटली. दोष विहिरीनंतर कुठंतरी होता.

रोपं का बसली

रोपवाटिकेच्या तात्यांचं म्हणणं सरळ होतं. “पाणीच खराब हाय वो. माणसं पडाय लागली, तितं कवळी रोपं काय टिकत्यात?” नुकसानभरपाईचा अर्जही त्यांनी ग्रामपंचायतीच्या नावानं लिहून ठेवला होता.

दोन-अडीच आठवड्यांची रोपं जमिनीलगत पाणचट होऊन मानेत मोडत होती. एक रोप उपटून मूळ चिमटीत धरून ओढलं, तर वरची साल हातात आली आणि मधला दोऱ्यासारखा भाग तेवढा राहिला. रोपांची मुळं आणि मान कुजवणाऱ्या पिथियम नावाच्या सूक्ष्मजीवाची ही खूण इतकी ठळक असते की सूक्ष्मदर्शकाखाली नंतर फक्त शिक्कामोर्तब करायचं असतं. पिथियमला सवयीनं बुरशी म्हणतात, पण ती खरी बुरशी नाही. तिच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज असतं आणि तिचे चलबीजाणू शेपटीच्या जोरावर पाण्यात चक्क पोहत मुळापर्यंत जातात. 1845 साली आयर्लंडचा बटाटा खलास करणारी फायटॉप्थोरा हिचीच भावकी. याचा व्यवहारातला अर्थ असा, की तात्यांनी तीनदा ओतलेलं कार्बेन्डाझिम इथं कामाचं नव्हतं. ते खऱ्या बुरशीवर चालतं. पिथियमला मेटॅलॅक्झिलसारखं औषध लागतं. दुकानदारानं ‘बुरशीनाशक’ म्हणून दिलं, तात्यांनी बुरशी म्हणून ओतलं, आणि पिथियम पोहत राहिलं.

पण पिथियम आलं कुठून? यासाठी प्रयोगशाळेची वाट बघायची गरज नसते. कोवळ्या काकडीचे तुकडे जाळीच्या पिशवीत घालून संशयित पाण्यात दोन-तीन दिवस बुडवून ठेवायचे. पिथियम असलं तर काकडी पाणचट होऊन वर कापसासारखी पांढरी वाढ येते. आम्ही तुकडे तीन ठिकाणी ठेवले: नळाचं पाणी थेट भरलेल्या बादलीत, रोपवाटिकेच्या हौदात, आणि तुलनेसाठी उकळून गार केलेल्या पाण्यात. हौदातली काकडी दुसऱ्याच दिवशी गळाली. नळाच्या बादलीतली आणि उकळलेल्या पाण्यातली शेवटपर्यंत कडक राहिली.

म्हणजे ज्या पाण्यानं माणसं आजारी पडली असा संशय, ते पाणी रोपांच्या बाबतीत निर्दोष होतं. पिथियम हौदातच मुरलं होतं. ते तिथं कसं आलं हे हौदाकडं बघितल्यावर विचारावंही लागलं नाही. पुरात पिकं गेलेल्या शेतकऱ्यांनी परत केलेले ट्रे, चिखलानं भरलेले, हौदाच्या काठावर धुतले जात होते आणि धुवण थेट हौदात उतरत होतं. खालच्या कोकोपीटचा (रोपं ज्यात वाढवतात त्या नारळाच्या भुशाचा) निचराही त्याच बाजूला. पिथियम एरवीही मातीत असतंच. जाड भिंतीचे बीजाणू करून ते महिनोन्महिने पडून राहतं. इथं त्याला हौद, शेडनेटची ऊब आणि सकाळ-संध्याकाळ झारीचं पाणी मिळालं.

बाहेरच्या रानातला ऊसही त्याच सुमाराला पिवळा पडला होता आणि गावानं तोही याच खात्यावर मांडला होता. त्याला तर रोगजंतूही कारण नव्हता. आठवडाभर पाण्याखाली राहिलेल्या मुळांना प्राणवायू मिळाला नाही, एवढंच. लाल कूज हा उसाचा रोग पाण्याबरोबर शेतातून शेतात जाऊ शकतो, पण त्यासाठी कांडी उभी चिरून आत लाल रंगात पांढरे आडवे पट्टे दिसावे लागतात, आंबूस वास यावा लागतो. तसं काही नव्हतं. पुरानंतर पिवळं दिसणारं प्रत्येक पान औषध मागत नाही.

मोटर

गावाचा पाणीपुरवठा सांभाळणाऱ्या जलसुरक्षकानं टीसीएल पावडरीत, म्हणजे पाणी निर्जंतुक करायच्या ब्लीचिंग पावडरीत, कसूर केली नव्हती. “साहेब, ओटी रोज घेतोय. पिवळी येत्या. वहीत लिवलंय बघा.” ओटी म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का हे पिवळ्या रंगावरून दाखवणारी चाचणी. वहीत खरंच रोजची नोंद होती. फक्त नमुना रोज टाकीखालच्या पहिल्या नळाचा. टोकाच्या वस्तीत ओटी घेतली तर रंग उमटलाच नाही. त्याच नळाचं पाणी एच-टू-एस बाटलीत भरून ठेवलं, ती दुसऱ्या दिवशी काळी. ही बाटली ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेत 1982 च्या सुमाराला तयार झालेली साधी चाचणी आहे. मलजन्य जिवाणू असले की गंधकाचं संयुग होऊन पाणी काळं पडतं. ती विषाणू दाखवत नाही, पण गटार नळात शिरलंय एवढं नक्की सांगते.

ओटीबद्दल एक गोष्ट गावोगाव निसटते, म्हणून थोडं थांबतो. थेंब टाकल्यावर पहिल्या दहा सेकंदांत येणारा पिवळा रंग मुक्त क्लोरीनचा. नंतर हळूहळू गडद होत जाणारा रंग अमोनियाशी वगैरे बांधल्या गेलेल्या क्लोरीनचा, ज्याची मारकशक्ती फार कमी. पाच मिनिटांनी नळी उजेडात धरून ‘पिवळी आली’ म्हणणं म्हणजे स्वतःचीच समजूत घालणं. नळाशी किमान 0.2 पीपीएम (लिटरला 0.2 मिलिग्रॅम) मुक्त क्लोरीन हवा, आणि विषाणूंची भीती असेल तेव्हा अर्ध्या तासाच्या संपर्कानंतर 0.5. गढूळ पाण्यात हे जमत नाही, कारण मातीचे कण क्लोरीन खातात आणि विषाणूला आडोसा देतात. तुरटी फिरवून पाणी निवळल्याशिवाय टीसीएल टाकणं म्हणजे पावडर वाया घालवणं. त्यातून ही पावडर पुरात भिजलेल्या खोलीतली. ताज्या पावडरीत 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, दमट हवेत तो उडून जातो आणि पोतं तेवढंच वजनदार राहतं.

टाकी ते वस्ती लाइन कुठून जाते हे कुणालाच नीट सांगता येईना. शेवटी एका म्हाताऱ्या मामांनी काठीनं जमिनीवर रेघ ओढून दाखवली. शेवटचा टप्पा गटाराच्या पोटातून होता. उकरल्यावर दिसलं की जोडावर सायकलची ट्यूब गुंडाळलेली, आणि वरच्या दोन घरांच्या संडासाच्या टाकीचं पाणी शोषखड्ड्याऐवजी त्याच गटारात.

हा जोड काही त्या वर्षी फुटला नव्हता. मग कावीळ आत्ताच का? पाइपात दाब असतो तोवर फटीतून पाणी बाहेर येतं, गटार आत येत नाही. आत यायला पाइपात ओढ निर्माण व्हावी लागते. पाणी दिवसातून तासभर सुटतं, बंद होताना ओढ बसतेच, पण थोडी. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तिथं एक नवी गोष्ट झाली होती: तात्यांची नदीवरची मोटर पुरात गाळानं भरली, रोपांना पाणी नाही, म्हणून त्यांनी नळाला टिल्लू मोटर लावली. हौद भरायला पाणी सुटल्यापासून जाईपर्यंत, आणि गेल्यावरही थोडा वेळ. वस्तीत आणखी दोघांनी त्यांचं बघून लावल्या. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पाच आठवडे होतात.

पुराव्याच्या भाषेत हा संशयच आहे. कुठल्या दिवशी कुठल्या घोटातून विषाणू गेला हे कुणी दाखवू शकत नाही. पण फुल्या टोकालाच का, जारवाली घरं कोरी का, रोजंदारीवरच्या दोघी का, आणि पूर ओसरल्यावर एवढ्या उशिरा का, या चारही प्रश्नांना एकत्र बसणारं दुसरं उत्तर माझ्याकडं नाही. गावानं नळामुळे रोपं मेली असं धरलं होतं. घडलं होतं जवळजवळ उलटं: रोपं जगवायच्या धडपडीनं नळ बिघडवला, आणि रोपं मेली ती स्वतःच्याच हौदानं.

तात्यांना हे सांगणं अवघड गेलं. त्यांच्या घरातही एक पेशंट होता. बराच वेळ ते काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “मोटर काडतो. पर पाणी कुटनं आनू ते तुमी सांगा.” प्रश्न रास्त होता. नदीवरची मोटर दुरुस्त होईपर्यंत ग्रामपंचायतीनं त्यांना टँकर दिला, तो वाद घालूनच.

पाइपाचा गटारातला टप्पा उचलून वरून लोखंडी नळीतून नेला. विहिरीत टीसीएल आता डब्याच्या अंदाजानं नाही, तर पाण्याच्या मापानं पडतं. गोल विहिरीचा व्यास 5 मीटर आणि पाणी 6 मीटर असेल तर ते सुमारे 1 लाख 18 हजार लिटर होतं, आणि हजार लिटरला 5 ग्रॅम धरले तर साधारण 590 ग्रॅम पावडर लागते. पावसाळ्यात पाणी 10 मीटरवर चढलं की तोच डबा पुरत नाही, हे जलसुरक्षकाला एकदा गणित मांडल्यावर पटलं. कुणी मांडून दाखवलंच नव्हतं.

रोपवाटिकेत हौद उपसून, घासून वाळवला. ट्रे आधी मातीचा कणही राहणार नाही असे धुवायचे, मगच क्लोरीनच्या पाण्यात बुडवायचे, कारण कोकोपीट चिकटलेलं असलं तर क्लोरीन त्यातच संपतो. पिथियमचे पोहणारे बीजाणू मारायला 2 पीपीएमच्या आसपास क्लोरीन पुरतो. 10 हजार लिटरच्या हौदाला ताजी पावडर 60 ग्रॅम. ट्रे जमिनीवरून उचलून मांडवावर घेतले, निचरा हौदापासून लांब काढला. राहिलेल्या रोपांना मेटॅलॅक्झिल दिलं, तरी निम्म्याहून जास्त फेकावी लागली. हौदाच्या पाण्यात जुड्या धुऊन बाजारात जाणारी कोथिंबीरही आशाताईंनी थांबवली. पिथियम कोथिंबिरीतून माणसाला बाधत नाही, पण त्या हौदात गटाराचं पाणीही येत होतं आणि कोथिंबीर आपण कच्चीच खातो. जाता जाता: पिथियमचीच इन्सिडिओसम नावाची एक जात माणसाच्या डोळ्यात घुसून बुबुळ सडवते. भारतात असे रुग्ण सापडतात आणि सुरुवातीला ते साध्या बुरशीचे म्हणून गणले जातात. डबक्याचं पाणी डोळ्यात उडून डोळा दुखायला लागला तर घरगुती थेंबांवर विसंबू नये.

पाइप उचलल्यावरही ऑक्टोबरभर अधूनमधून नवे पेशंट निघाले आणि “काय उपेग झाला?” अशी कुरबुर सुरू झाली. आशाताई प्रत्येकाला दहा आठवड्यांचा हिशेब बोटांवर घालून दाखवायच्या. दिवाळीनंतर नवी फुली पडली नाही. सातव्या महिन्यातली ती बाळंत झाली, मायलेकी ठीक.

नळाला मोटर लावायची नाही असा ठराव ग्रामसभेत झाला. पुढच्या उन्हाळ्यात पाणी कमी सुटायला लागल्यावर दोन मोटरी पुन्हा दिसल्या, त्यातली एकही तात्यांची नव्हती. जलसुरक्षक आता ओटी टोकाच्या नळावर घेतो, आणि तीही पाणी सुटल्या सुटल्या. पाइपात रात्रभर ओढलं गेलेलं जे काही असेल, ते पहिल्या पाच मिनिटांच्या पाण्यातच येतं.